वर आलेले खांब

पाचव्या खांबापर्यंत इंजिन सुरळीत चढलं आणि सहाव्याच्या अलीकडे त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागे चार डबे होते. इंजिन रुळावरून उतरलं नाही, पडलं नाही, नुसतं थरथरत उभं राहिलं, आणि मग सगळी गाडी हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, मागे यायला लागली. मी खटका बंद केला. झालं ते एवढंच. शनिवारची सकाळ, अकरा वाजायला आले होते, स्वयंपाकघरात वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या, आणि मी घाबरलो. उगाचच म्हणायला हवं, कारण खेळण्यातली गाडी चढावर अडली म्हणून चोपन्न वर्षांच्या माणसाने घाबरायचं काही कारण नाही. पण माझा स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला विषय लागत नाही, नुसती सवड लागते. शनिवारी मला सुट्टी असते, तिला नसते.

गाडी माझी नव्हे, दादाची. माझा थोरला भाऊ, आठ महिन्यांपूर्वी गेला. नोकरी संपल्यावर त्याने या पुढच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर आठ फुटी प्लायवूडचा फळा टाकला आणि त्यावर हे सगळं मांडलं: रूळ, स्टेशन, प्लास्टरचा डोंगर, डोंगरातला बोगदा, फलाटावर छत्री मिटून उभी असलेली नखाएवढी बाई. त्या बाईची छत्री रंगवायला त्याने दोन दिवस घेतले होते. सगळं केलं, पूल तेवढा राहिला. डोंगराच्या कडेने चढत जाणाऱ्या रुळांखाली खांब हवे होते, तिथे त्याने औषधांची रिकामी खोकी ठेवून वेळ मारून नेली होती. आधी मला वाटलं, आजारपणामुळे. पण आजारपणात त्याने सिग्नलचे दिवे जोडले, त्या मानाने खांब म्हणजे काहीच नव्हेत. तो गेल्यावर वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं पुरं करून टाका. ती खोकी दिसली की मला त्यांचं औषध चुकल्यासारखं वाटतं." मग मी दर शनिवारी यायला लागलो. मला हे काम आवडलंही. पाइनच्या काड्या कापायच्या, दोन उभ्या, त्यांच्यामध्ये कैचीसारख्या दोन तिरप्या, वर आडवी टोपी. गोंद वाळेपर्यंत चिमटे लावून ठेवायचे, मग पॉलिशपेपरने एकेक टोक घासायचं. पहिला खांब आठ मिलिमीटर, दुसरा सोळा, तिसरा चोवीस, असे आठ खांब, म्हणजे गाडीला फुटामागे आठ मिलिमीटरचा चढ. प्रत्येक खांब मी व्हर्नियरने तीनतीनदा मोजला आणि तळाशी पेन्सिलीने उंची लिहिली. चूक काढायला कुणी आलं असतं तर हात हलवत परत गेलं असतं.

म्हणूनच तर घाबरलो. खांब काढून पुन्हा मोजले. चाळीस, अठ्ठेचाळीस, छप्पन. केसभराचा फरक नाही. काही चुकलेलं असलं की माणसाला बरं असतं, चूक सापडते, तिच्यावर बोट ठेवता येतं. सगळं बरोबर असून गाडी अडते, तेव्हा बोट कुठे ठेवायचं? मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खिडकीतून खाली रस्ता दिसतो, त्या टोकाला बसथांबा. थांब्यावर तीनचार माणसं होती आणि एक जण वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती त्याला बांधता येत नव्हती की तो मुद्दाम वेळ काढत होता, कोण जाणे, पण तो उभा राहीपर्यंत मी खिडकीशी अडकून राहिलो. असं हल्ली होतं. दोनतीन महिने झाले. बायको एका संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाली होती, "अहो, तुमच्या त्या नदीवरच्या पुलावर बस मध्येच दाणकन आदळते हो. मागच्या बाकावर बसलं की पाठ धरते." मी म्हणालो, डांबर उखडलं असेल. ती म्हणाली, असेल. आणि त्या रात्री जेवताना माझ्या मनात पाल चुकचुकली, ती मी हाकलून दिली, कारण पूल मोजणं हीच माझी नोकरी, त्याच महिन्यात मी तो मोजला होता आणि कचेरीच्या नोंदवहीत माझ्याच हाताने लिहिलं होतं: फरक शून्य.

मी वहिनींकडे शिवणाचा दोरा मागितला. त्या हात पुसत आल्या आणि रीळ घेऊन उभ्या राहिल्या. "याचं एक टोक त्या कोपऱ्यात फळ्यावर दाबून धरा. ओढलं तरी सोडू नका." त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. मी दुसऱ्या टोकाला दोरा ताणला आणि खाली वाकून पाहिलं. दोन्ही कडांना दोरा फळ्याला चिकटला होता आणि मधोमध दोऱ्याखालून उजेड दिसत होता. मोजला, पाच मिलिमीटर. डोंगराचं प्लास्टर, त्यातलं वाळूचं पोतडं, सगळ्याचा भार मधल्या भागावर, आणि फळा दोन वर्षांत तिथे बसला होता. म्हणजे मधले खांब माझ्या मापाने बरोबर उंच आणि प्रत्यक्षात पाच मिलिमीटर खाली. सुरुवातीला गाडीला चढ कमी लागत होता, आणि वाचलेला सगळा चढ पुढे एकदम अंगावर येत होता.

"मग खांब बुटके झाले का?" वहिनींनी अंगठे न उचलता विचारलं.

"खांब बरोबर आहेत, वहिनी. फळाच खाली गेलाय. मी फळ्यापासून मोजत बसलो."

"हे म्हणायचे, आमच्या छोट्याचं माप चुकायचं नाही." त्या हसल्या. "नाही चुकलं बघा. फळाच चुकला."

मीही हसलो. हसता हसता एकदम थांबलो. दोरा सुटला, माझ्या हातातलं रीळ घरंगळत सोफ्याखाली गेलं, आणि त्या ते काढायला वाकल्या तोपर्यंत मी खुर्चीवर बसलो होतो. मी फळ्यापासून मोजत बसलो, हे वाक्य मी या खोलीतल्या पुलाबद्दल बोललो होतो, पण ते नदीवरच्या पुलाबद्दल खरं होतं, आणि हे मला आज कळत होतं की सहा वर्षांपूर्वीच कळलेलं होतं, तेवढं मात्र मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी दादा आमच्या कचेरीत पुलांची मोजणी करायचा आणि मी त्याच्या हाताखाली पट्टी धरायचो. दुर्बीण तो लावणार, आकड्यांची उभी पट्टी घेऊन मी एका खांबावरून दुसऱ्यावर जाणार. दर सहा महिन्यांनी पूल किती खचला ते बघायचं. त्यासाठी एक खूण लागते, कधीच न हलणारी. तिच्यापासून सगळं मोजायचं. आमची खूण पलीकडच्या जुन्या गोदामाच्या जोत्यात होती, ते गोदाम रस्ता रुंद करताना पाडलं. नवी खूण हवी होती. नियम असा की ती पुलापासून लांब, खडकावर नाहीतर जुन्या पक्क्या इमारतीत बसवायची. खडक पाऊण किलोमीटरवर होता. भर दुपार होती, डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, तिपाई उचलून पाऊण किलोमीटर जायचं म्हणजे चार वेळा दुर्बीण मांडायची. दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि पुलाच्या अलीकडच्या काठाला जी दगडी भिंत आहे, जिच्यावर पुलाचं पहिलं टोक टेकलंय, तिच्यातच पितळी खिळा ठोकायला घेतला. मी म्हणालो, "दादा, ही पुलाचीच भिंत आहे." तो हातोडी मारता मारता म्हणाला, "मग? पूल कुठे पळून चाललाय?" आम्ही दोघंही हसलो. तो म्हणाला, पुढच्या खेपेला खडकावर नीट करू. मीही मान डोलावली. पुढच्या खेपेला दोघांपैकी कुणी विषय काढला नाही, आणि त्यानंतर तर काढायला लाज वाटावी इतके दिवस उलटून गेले होते.

गंमत अशी की आकडे ओरडून सांगत होते. दुसऱ्या वर्षी पलीकडचे तीन खांब दोन मिलिमीटरने वर आलेले दिसले. वर! मी पट्टी पुन्हा धरली, पुन्हा दोन. दादा दुर्बिणीतून डोळा काढून म्हणाला, "खांब काय रोपटी आहेत वाढायला? पट्टी तिरकी धरलीस." आणि शून्य लिहिलं. खांब खचतात, वर कधी येत नाहीत, हे आम्हाला इतकं पक्कं माहीत होतं की वर आलेला आकडा हा आकडाच नव्हता, ती माझ्या मनगटाची चूक होती. दादा निवृत्त झाल्यावर दुर्बिणीला मी डोळा लावला, पट्टी धरायला दुसरा माणूस आला, मी त्याला दरडावून सांगायचो, सरळ धर. तो सरळच धरत असे. सहा आले, आठ आले, अकरा आले. नोंदवहीत शून्य, माझ्या खिशातल्या वहीत पेन्सिलीने खरा आकडा, का तो लिहून ठेवायचो कोण जाणे. या वेळी सोळा. सोळा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. पलीकडचे खांब बोटभर वर आलेले नव्हतेच, ते होते तिथेच होते. अलीकडची भिंत आणि तिच्यालगतचे दोन खांब बोटभर खाली गेले होते, आणि भिंतीबरोबर आमचा पितळी खिळाही खाली गेला होता. ज्याला धरून मोजायचं तेच खचत होतं आणि ते आपलं शून्यच्या शून्य. वर बस आदळत होती ती बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये. बायकोची पाठ नोंदवहीपेक्षा खरं बोलत होती.

मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. तिची प्रयोगशाळा शनिवारी एकला सुटते, दीडच्या बसने ती पूल ओलांडून येते. नक्की काय होईल? कदाचित काहीच होणार नाही. अजून पाच वर्षं होणार नाही. पूल काही सांगून पडत नाहीत आणि न सांगता पडतात असंही नाही, आधी भेगा येतात, सांधे उघडतात, मग वाहनं थांबवायची सवड मिळते. असं मी स्वतःला सांगत होतो आणि त्याच वेळी मला बसच्या मागच्या बाकावर तिची पाठ दिसत होती, निळ्या स्वेटरमधली, पिशवी मांडीवर घेतलेली. साहेबांना सांगायला हवं. सांगितलं की विचारतील, खूण कुणी बसवली. कचेरीच्या जिन्यात दादाचा फोटो लावलाय, चाळीस वर्षं बिनचूक मोजणी केल्याबद्दल सत्कार झाला तेव्हाचा. नवीन पोरांना साहेब त्याच्याखाली उभं करून सांगतात, असं काम करा. आणि त्याच्यामागोमाग माझं, त्याच्यानंतरच्या सगळ्या नोंदींवरच्या माझ्या सह्या, नोकरी, चौकशी. मेलेल्या भावाच्या तोंडाला काळं फासायचं आणि वर स्वतःच्याही. सोमवारी सांगू. सोमवारी आधी खडकापासून एकदा मोजून बघू, खात्री करून घेऊ, मग सांगू. दोन दिवसांनी काय होतंय? मात्र बायकोचं काय, हे मनात आलं आणि मी फोन हातात घेतला.

"अगं, आज पुलावरून येऊ नकोस," मी म्हणालो.

"का हो?"

"रस्ता खोदलाय. बस अडकेल. गाडी करून धरणावरून वळसा घालून ये."

"धरणावरून? अर्धा तास जास्त लागेल. सकाळी तर काही खोदलेलं नव्हतं."

"आत्ता खोदलाय. माझं ऐक ना."

ती बरं म्हणाली. मी फोन ठेवला आणि जिवात जीव आला. खरंच आला, ते लपवण्यात अर्थ नाही. खांद्यावरचं ओझं उतरावं तसं वाटलं, घोटभर पाणी प्यालो, आता सोमवारपर्यंत विचार करायला सवड आहे असं वाटलं. बसमध्ये चाळीसेक माणसं असतात. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही.

"हेही अगदी असंच करायचे," वहिनी म्हणाल्या. रीळ सापडलं होतं, त्या सुटलेला दोरा त्याच्यावर गुंडाळत होत्या.

"काय करायचे?"

"धरणावरून वळसा. दोन वर्षं झाली की. मला पुलाची भीती, तुम्हाला ठाऊक आहे, लग्न झाल्यापासून मी पूल आला की डोळे मिटून घ्यायची. तेव्हा हसायचे मला. आणि एकदम दोन वर्षांपूर्वी म्हणाले, तुला भीती वाटते ना, मग आपण पुलावरून जायचंच नाही. त्यानंतर एकदाही नाही गेलो. दवाखान्यात जाताना इतक्या कळा यायच्या, गाडीवाला म्हणायचा, काका, पुलावरून दहा मिनिटांत सोडतो, तर त्याच्यावर ओरडायचे. वळसाच घ्यायचा म्हणायचे. मी माझ्या बहिणींना सांगते, एवढं कोण करतं हो बायकोसाठी?"

दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, दादा बोगद्याच्या तोंडाला दगड चिकटवत होता आणि मान वर न करता त्याने विचारलं होतं, "या वेळी किती आलं?" मी म्हणालो, शून्य. "ते नव्हे. खरं किती?" मी म्हणालो, आठ, वर. त्याच्या हातातला दगड कितीतरी वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "चहा घेणार का?" आणि आम्ही चहा घेतला. मी चहा पिऊन बसने घरी गेलो, पुलावरून. त्यानंतर दोन वर्षं रोज गेलो, बायको रोज गेली, मुलगी परीक्षेला गेली, आणि माझा भाऊ आपल्या बायकोला घेऊन धरणावरून जात होता. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मला दादाचा असा राग आला. आणि त्या रागाला बोलायला तोंड फुटेना, कारण पाचच मिनिटांपूर्वी मीही नेमकं तेच केलं होतं, आणि करून पाणी प्यालो होतो.

"भाऊजी," वहिनींचे हात थांबले होते. "पुलाला काही झालंय का?"

"हो."

"ह्यांना माहीत होतं?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. नाही हो, तुमच्या भीतीसाठीच वळसा घ्यायचा तो. काय बिघडलं असतं? पण त्यांनी विचारलं होतं ते उत्तर कळल्यावर. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, बहिणींना सांगितलेलं, रात्री एकटीने आठवलेलं, आठ महिने पुरवून पुरवून वापरलेलं. त्या खाली बसल्या. रीळ मांडीवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"ती बस किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

"दर वीस मिनिटांनी."

"मग बसलात काय? करा की फोन."

साहेब घरीच होते, मागे टीव्ही चालू होता. मी आडवळण घेतलं नाही. पूल बंद करा म्हणालो. त्यांना आधी थट्टा वाटली, मग मी आकडे सांगितले, सगळे, दोनपासून सोळापर्यंत, आणि टीव्ही बंद झाला.

"नोंदवहीत तर शून्य आहे," साहेब म्हणाले.

"शून्य मी लिहिलंय."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब."

"सोमवारी लेखी द्यावं लागेल. खूण पुलाच्याच भिंतीत? अहो, शिकाऊ पोरगंसुद्धा असं करणार नाही. कुणी बसवली ती?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, हात केला नाही, काहीच सुचवलं नाही. ठरवायचं मलाच होतं आणि आता ते अवघड वाटलं नाही.

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, पोलिसांना सांगतो, दोन्ही बाजूंनी अडवायला लावतो, तुम्ही दुर्बीण घेऊन थेट तिकडे या. फोन बंद झाला. मी उठून चपला शोधायला लागलो, पायातच होत्या. आता काय काय होईल याची यादी डोक्यात सुरू झाली होती, चौकशी, वर्तमानपत्र, मुलीला कुणी विचारलं तर ती काय सांगेल, आणि भीती होती तेवढीच होती, उलट वाढली होती, पण तिला निदान आता जायला एक ठिकाण होतं. दाराशी वहिनी मागोमाग आल्या.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"मला वळसा घालून न्यायचे ते न्यायचे. तुम्हाला का नाही सांगितलं? तुम्ही तर रोजचे जाणारे."

मी दाराची कडी काढत होतो. ती काढायला एवढा वेळ लागत नाही.

"विसरला असेल," मी म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात, बोलायला धाप लागत होती तेव्हासुद्धा, कुठल्या डब्यात किती खिळे आहेत ते दादाला पाठ होतं. ते वहिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हो. आजारपणात फार विसरायचे ते."